अर्जांचा क्रम

त्या वर्षी माझ्या पाचवीत चारच मुलं होती. चार म्हटलं की लोकांना गंमत वाटते. "चारच पोट्टे? मंग तं आराम हाये तुमचा, मॅडम," असं सडक अर्जुनीच्या बसथांब्यावर मला कितीदा तरी ऐकावं लागलं आहे. मी हसून सोडून देत असे, पण मनात येई, या एक दिवस आणि बसा माझ्या जागी. एका खोलीत तिसरी, चौथी आणि पाचवी. तिसरीला पाढे म्हणायला लावायचे, चौथीला भागाकार द्यायचा आणि त्या गलक्यात पाचवीला आरशातलं घड्याळ समजावून सांगायचं. पहिली-दुसरी शेजारच्या खोलीत मुख्याध्यापकांकडे. आम्ही दोघंच शिक्षक. एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याने सगळी शाळा हाकायची.

गाव महामार्गापासून तीन किलोमीटर आत. रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायची आणि हॉर्न वाजवून वाजवून आमची मुलं घेऊन जायची. आमची म्हणजे, आमच्याकडे यायला हवी होती ती. दर जूनला पट दोन-तीनने उतरायचा. आणखी उतरला तर शाळा शेजारच्या गावात विलीन करतील आणि आम्हा दोघांना कुठे फेकतील त्याचा नेम नाही, हे मुख्याध्यापक मला दर आठवड्याला न चुकता ऐकवत. मला ते ऐकायला नको असे, कारण ते खरं होतं. नवऱ्याची नोकरी आणि माझी शाळा एकाच तालुक्यात यायला अकरा वर्षं लागली होती. त्याआधी मी सालेकशाकडे एकटी खोली करून राहिले होते आणि माझा मुलगा आजीला आई म्हणायला लागला होता. पुन्हा तसं राहणं मला जमणार नव्हतं. त्या भीतीने मी काय काय केलं, त्यातलं एक इथे सांगते आहे.

पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी हौसेची होती. ज्याला झेपेल तो बसे. मग फतवा निघाला की वर्गातल्या प्रत्येकाला बसवा, आणि पाठोपाठ दुसरा, की किती बसले त्यापेक्षा किती पास झाले ते दाखवा. आदल्या वर्षी आमच्या शाळेतून एकही मूल पास झालं नव्हतं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, मीटिंगमध्ये केंद्रप्रमुख साहेबांनी यादी वाचली आणि म्हणाले, "ज्यांचा निकाल निरंक आहे, त्यांनी उभं राहा." मुख्याध्यापकांची त्या दिवशी नेमकी दाढ दुखत होती, त्यामुळे उभी राहिले ती मी. आम्ही सहा जण होतो. चहा आला तरी साहेबांनी बसायला सांगितलं नाही, आणि मी हातात कप घेऊन उभ्याउभ्या तो प्याले. चाळिशीतल्या बाईला असं उभं केल्यावर तिचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी घरी येऊन कुणाशी बोलले नाही आणि दुसऱ्या दिवशीपासून शाळा भरण्याआधी एक तास आणि सुटल्यावर एक तास जादा वर्ग सुरू केला.

आता ती चार मुलं. दोघे जुळे भाऊ, घरी पोवारी बोलणारे. मीही पोवाराच्याच घरची, म्हणून त्यांच्याशी माझं जमे. पण गणित म्हटलं की दोघं एकमेकांकडे बघत आणि दोघांचं उत्तर सारखंच चुके. तिसरी मुलगी गोंडी बोलणाऱ्या घरची. हुशार होती, पण मराठीतला लांबलचक प्रश्न तिला दोनदा वाचावा लागे, आणि ही परीक्षा दोनदा वाचणाऱ्यासाठी नाही. दीड तासात पंच्याहत्तर प्रश्न. जेवणाची सुट्टी, की पुन्हा दीड तासात पंच्याहत्तर.

आणि चौथी ती. तिचा बाप महामार्गावर ट्रकांचे पंक्चर काढायचा. ढाब्याच्या बाजूला टीनाची टपरी, पुढे टायरांची चळत. ती शाळेतून थेट तिथे जायची आणि टायरावर बसून अभ्यास करायची. वह्या ट्यूबच्या रबराच्या पट्टीने बांधलेल्या असायच्या, त्यामुळे तिच्या दप्तराला कायम तो वास. घनाची उलगडलेली आकृती, म्हणजे कागद दुमडला की कोणता अंक कोणत्या अंकासमोर येईल, हा प्रकार मी तीन दिवस फळ्यावर काढून दाखवला आणि मलाच नीट जमेना. चौथ्या दिवशी ती पंक्चरच्या चिकट्यांचं रिकामं खोकं घेऊन आली, ते उलगडलं, त्यावर अंक लिहिले, पुन्हा दुमडलं आणि म्हणाली, "मॅडम, हे असं होते." मला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली. तेव्हापासून घनाचे प्रश्न वर्गाला तीच शिकवू लागली.

रविवारी शाळेची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर गोंदियाला जायची, म्हणून रविवारचा वर्ग आम्ही विहाराच्या ओट्यावर भरवायचो. एकदा तिचा बाप तिथे तिला घ्यायला आला. मी म्हटलं, ही पोरगी जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत येईल. तो ओट्याच्या पायरीवर बसला, हात पुसले, आणि सरळ मुद्द्याचं बोलला.

"यादीत नाव आलं ना मॅडम, तं गोंदियाले टाकतो तिले. तिची मावशी तयार हाये. नाई आलं तं मंग इथंच, हायस्कूलात. दुसऱ्याच्या घरी पोरगी ठेवाची तं तेवढं कारन पायजे ना जी."

ती खांबाला टेकून उभी होती. बापाचं बोलणं तिने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येईल नाव. मी सांगते ना." असं मी कुणालाही सहज सांगत नाही. त्या मुलीबद्दल मला खात्रीच होती.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली. ते गोंदिया शहरातले, निम्मं हिंदीत बोलणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. माणूस वाईट नव्हता. माझ्या आजारपणाच्या रजेत त्यांनी एकट्याने शाळा सांभाळली होती आणि कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, आधा रिझल्ट तो फॉर्म भरने मेंच है."

त्यांनी सांगितलं ते असं. ज्या क्रमाने आपण शाळेचे अर्ज भरतो, त्या क्रमाने बैठक क्रमांक पडतात. आपली चार मुलं एकामागे एक बसणार. प्रश्नपत्रिकेचे चार संच असतात, अ, ब, क, ड. प्रश्न तेच, फक्त क्रम उलटासुलटा. पण आपल्या परीक्षा केंद्रावर एका रांगेला एकच संच देतात, म्हणजे पुढच्या-मागच्याचा पेपर सारखाच. तेव्हा पंक्चरवाल्याच्या या पोरीला दुसऱ्या नंबरवर भरा. पुढे एक भाऊ, मागे दुसरा, शेवटी ती गोंडी मुलगी. मागच्याला हिचा कागद दिसेल, त्याच्या मागचीला त्याचा दिसेल आणि पुढच्याला ऐकू जाईल.

"सब स्कूल यहीच करते हैं," ते म्हणाले. "और उसका क्या नुकसान? वो तो अपना लिखेगीच."

हे वाक्य मी स्वतःशी किती वेळा म्हटलं असेल. तिचं काय नुकसान? ती तर तिचं लिहिणारच आहे. नाही म्हणण्याची एक संधी मला तिथे, त्या टेबलाशी होती. मी नाही म्हटलं नाही. मी मोबाइल उघडला आणि त्यांनी सांगितलेल्या क्रमाने चार अर्ज भरले. नेट सारखं जात होतं, म्हणून एका अर्जाला तास गेला. इतका वेळ हातात असूनही मी क्रम बदलला नाही, हे मला विसरता येत नाही.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी मी तिला नळाजवळ बोलावलं आणि म्हटलं, तुला काही करायचं नाही, फक्त कागद झाकायचा नाही, थोडा बाजूला सरकवून ठेवायचा, आणि पुढच्याने विचारलं तर हळूच सांगायचं.

तिने ठिबकणारा नळ घट्ट केला. मग म्हणाली, "मॅडम, तुमीच तं मनता, परीक्षेत कोनाले दाखवाचं नाई मनून."

"ही शाळेची परीक्षा आहे," मी म्हटलं. "सगळे पास झाले तर शाळा राहील."

दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मी शाळा ठेवली. तिने मान डोलावली. ती मान डोलावणारी मुलगी होती, एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं न लागणारी, आणि मला त्या दिवशी तेच सोयीचं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही जीप करून तालुक्याला गेलो. मी केंद्राच्या आवारात कडुनिंबाखाली इतर शिक्षकांबरोबर थांबले. आत जायची आम्हाला परवानगी नव्हती. खिडक्या उंच होत्या आणि त्यांचे खालचे पल्ले बंद केलेले. आमच्या मुलांच्या खोलीवर जे पर्यवेक्षक होते त्यांच्या शाळेची मुलं पलीकडच्या खोलीत होती, आणि पलीकडच्या खोलीवरच्यांची मुलं कुठे होती तेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कुणाकडे फार बघणार नव्हतं. झाडाखाली गप्पा बदल्यांच्या आणि रजांच्या चालल्या होत्या. मी घड्याळ बघत होते. दीड तास इतका लांब असतो हे मला शिकवताना कधी जाणवलं नव्हतं.

पहिला पेपर सुटला. जुळे धावत आले, खूश. "मॅडम, पूर्ण लिवलं! तिनं सांगतलं!" मी त्यांना गप्प बसवलं, कारण आजूबाजूला लोक होते. गोंडी मुलगीही हसत होती, आणि ती परीक्षेनंतर हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पंक्चरवाल्याची पोरगी मात्र सगळ्यांच्या मागून आली. हातात प्रश्नपुस्तिकेची सुरळी. चेहरा तापातून उठल्यासारखा.

"मॅडम, संच येगळे येगळे हायेत," ती म्हणाली. "माझा ब हाये. पुढच्याचा अ, मागच्याचा क. सरानं नंबरानं वाटले."

एका रांगेला एक संच हा आमचा हिशोब त्या वर्षी चुकला होता. पहिल्याला अ, दुसऱ्याला ब, तिसऱ्याला क, चौथ्याला ड. तिचा कागद मागच्याला दिसून काही उपयोगच नव्हता. तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पहिल्या प्रश्नाला लागू पडणार नव्हतं. मग जुळे खूश कशाने होते? हे मी तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं, "तुझं पूर्ण झालं ना?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हाव."

मुख्याध्यापक बाजूलाच उभे होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास बेटा. ऐसेच दूसरा भी. सबको लेके चलना."

ती माझ्याकडे बघत राहिली. आता दुसऱ्या पेपरला तू फक्त तुझं लिही, एवढंच म्हणायचं होतं मला. शब्द ओठांवर आले होते. सात-आठ शब्द. मुख्याध्यापकांसमोर ते कसे म्हणायचे, तिघं नापास झाली तर मीटिंगमध्ये पुन्हा उभं कसं राहायचं, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं आणि मी म्हटलं, "डबा खाऊन घे आधी." तिने डबा उघडला आणि न खाताच मिटला. घंटा झाली.

परीक्षा संपल्यावर मुलांच्या हातात प्रश्नपुस्तिका राहतात आणि उत्तरपत्रिकेची कार्बन प्रतही मिळते. आम्ही शिक्षक त्या गोळा करून उत्तरं ताडून बघतो. संध्याकाळी मुलांना गावात सोडून मी घरी आले आणि पहिल्यांदा तिची पुस्तिका उघडली.

समासात आकडे होते. प्रत्येक प्रश्नाच्या डावीकडे तीन आकडे, एकाखाली एक, बारीक अक्षरात. तिच्या पहिल्या प्रश्नाशेजारी चौदा, तेवीस, सात. दुसऱ्याशेजारी नऊ, एक, अठरा. मला आधी कळेना. मग मी बाकीच्या तिघांच्या पुस्तिका काढून बाजूला ठेवल्या आणि चौदावा प्रश्न बघितला, तेविसावा बघितला, सातवा बघितला. तिचाच पहिला प्रश्न. तिने तिघांच्या पेपरांत आपला प्रत्येक प्रश्न कुठे आहे ते शोधून काढलं होतं. त्यांच्याकडून कुजबुजत नंबर घेतले असतील, पहिले दोन शब्द ऐकून आपल्या पुस्तिकेत प्रश्न शोधला असेल, सोडवला असेल आणि पुढे-मागे सांगितला असेल. एकेका प्रश्नाला तीन तीन वेळा. पर्यवेक्षकाकडे एक डोळा ठेवून. मी नळाजवळ जे फक्त कागद सरकवण्याचं काम दिलं होतं, त्याचं तिने हे करून ठेवलं, कारण सगळे पास झाले तर शाळा राहील असं मी तिला सांगितलं होतं.

मग मी तिची कार्बन प्रत बघितली. जिथवर लिहिलं होतं तिथवर जवळजवळ एकही चूक नव्हती. पहिल्या पेपरात शेवटचे एकोणीस प्रश्न कोरे. दुसऱ्यात शेवटचे सव्वीस. घनांचे सगळे त्या सव्वीसमध्ये होते. पुस्तिकेत त्या घनांच्या शेजारीसुद्धा तीन तीन आकडे लिहिलेले होते. म्हणजे तिघांना तिने ते सांगितले. स्वतःची वर्तुळं काळी करायला वेळ उरला नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर डोकं दुखतंय म्हटलं.

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कुणाला सांगावं तर कुणाला? वर कळवलं तर चारही मुलांची परीक्षा रद्द होणार, म्हणजे तिचीही. माझी नोकरी गेली नसती कदाचित, पण शाळा नक्की गेली असती. मुख्याध्यापकांना मी पुस्तिका दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बड़ी होशियार बच्ची है." मला त्यांचा राग आला, पण त्यांच्या अंगावर जाण्याचा हक्क मला नव्हता. अर्ज माझ्या बोटांनी भरले होते.

ती रोज शाळेत येत होती, पहिल्यासारखीच. मीच तिच्या नजरेला नजर देईनाशी झाले. शिकवताना मी बाकीच्या तिघांकडे बघून बोलायचे. एकदा पंक्चरच्या टपरीवरून जाताना तिच्या बापाने मला हाक मारली आणि विचारलं, "होईन ना मॅडम नाव?" मी म्हटलं, "बघू, निकाल येऊ द्या." विहाराच्या ओट्यावर मी इतक्या खात्रीने बोलले होते, त्यामुळे तो जरा चमकला. मी गाडी पुढे काढली. वाट बदलावी तर गावात जायला दुसरा रस्ता नव्हता. जाता-येता त्या टपरीसमोरूनच जावं लागे.

निकाल लागला. चारही पास. आमच्या केंद्रात शंभर टक्के निकालाच्या दोनच शाळा होत्या आणि त्यातली एक आमची. ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे आणि फुलं पडायला लागली. मुख्याध्यापकांनी पेढे आणले. केंद्राच्या पुढच्या मीटिंगमध्ये त्याच साहेबांनी मला पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला, आणि या मॅडमकडून शिका, असं बाकीच्यांना सांगितलं. निरंकवाले कुणीतरी मागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पिवळ्या गाडीने जाणाऱ्या दोन मुलांचे पालक चौकशीला येऊन गेले, यंदा पोरांना तुमच्याकडेच टाकतो म्हणाले. जे जे हवं होतं ते सगळं मिळालं. गुणवत्ता यादीत तिचं नाव नव्हतं. थोड्या गुणांनी हुकलं. तिने लिहिलेल्यातून जेवढे मिळणं शक्य होतं तेवढे जवळजवळ सगळे गुण तिला मिळाले होते.

मे महिन्यात मी शाळेत एकटीच निकालपत्रकं लिहीत बसले होते तेव्हा तिचा बाप तिला मोटारसायकलवर घेऊन आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही कार्बन प्रती होत्या. मीच त्या मुलांना परत केल्या होत्या.

"मॅडम, हे मशीननं खाल्लं हाये," तो म्हणाला. "पाहा ना. इथून खाली सगळं कोरं. माझी पोरगी कोरं ठेवन का? तपासाले टाकता येते मनते ना, शाळेतून? टाका तुमी. का लागन थे मी देतो."

गुणपडताळणीचा अर्ज खरंच शाळेच्या लॉगिनवरूनच करायचा होता. मोबाइल माझ्यासमोर टेबलावर पडला होता. अर्ज टाकून उपयोग शून्य, कारण मशीनने काही खाल्लं नव्हतं. आणि नाही टाकत म्हटलं तर का ते सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, "दादा, ही कार्बन प्रत म्हणजे तिनेच लिहिलेलं आहे. जे कोरं आहे ते तिच्याकडूनच राहिलं. पडताळणीत काही निघणार नाही."

"कसं राहिलं?" तो म्हणाला. "पंचेचाळीस प्रश्न? तुमीच तं मनत होते, यादीत येते मनून."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं मी ठरवलं होतं का? आज मला वाटतं, हो, त्या क्षणी ठरवलं होतं. पण मी वाक्य जुळवत असतानाच तो तिच्याकडे वळला होता.

"काऊन सोडले वो?"

ती दाराच्या चौकटीत उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग बापाकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "येत नोते."

"इतके?"

"हाव. येत नोते मले. मनून सोडले."

त्याला पोरीचा राग आला नाही, मारझोड करणारा तो बाप नव्हताच. त्याचा चेहरा फक्त उतरला. प्रतींची घडी करून त्याने पिशवीत घातली, पिशवी तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळला.

"मंग तुमचा का दोष जी," तो मला म्हणाला. "तुमी तं रविवारीबी शिकवलं. इथंच टाकतो मंग हायस्कूलात. तिच्या मावशीले तसं सांगून देतो." त्याने हात जोडले आणि गाडी काढायला बाहेर गेला.

ती दारातच थांबली होती. मी खुर्चीतून उठले, तिच्याजवळ गेले. मी तिचा खांदा धरला आणि म्हटलं, "तू असं का सांगितलंस? मी सांगते बाबांना. आत्ता सांगते."

तिने घाईने मान हलवली. बाहेर गाडी सुरू झाली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "नोका सांगू, मॅडम. तुमाले मंग इथून काढून टाकतीन."

बाहेरून बापाने हाक मारली. मी तिचा खांदा सोडला आणि म्हटलं, "बरं." ती धावत गेली आणि गाडीवर मागे बसली. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. लाज वाटायला ती गाडी रस्त्याला लागेपर्यंतचा वेळ गेला.